गुरुवारचं टेबल

सार्जंट ग्लेंडा हचिन्सचा गुडघा कामातून गेला आणि अमेरिकी सैन्याने तिला उचलून कचेरीत बसवलं. कॅन्ससमधल्या एका छावणीत ब्रिगेडच्या पदकांची प्रकरणं तिच्या गळ्यात पडली. पदकं कसली, नुसता टोलवाटोलवीचा कारभार! शिफारस कंपनीतून, म्हणजे सैनिकाच्या स्वतःच्या तुकडीतून निघायची, बटालियनला जायची, मग मेजर लिंडक्विस्टकडे, मग कर्नलसाहेबांच्या दालनात. आणि आपण वाचलं हे दाखवायचं, तर काहीतरी बदलायला नको का? एकाने ‘उत्तम’ खोडून ‘उत्कृष्ट’ केलं, की पुढचा पुन्हा ‘उत्तम’ करणार. की कागद परत पहिल्या टेबलावर! तोवर माणूस दुसऱ्या छावणीत, नाहीतर निवृत्त होऊन घरी. पदक मागाहून टपालाने जायचं, तपकिरी पाकिटातून. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

अशात सार्जंट वेंडेल फॉय निवृत्त व्हायला निघाला. ग्लेंडा कचेरीत नवी होती, चिडायची, रडायची, तेव्हा याच माणसाने तिला शेजारी बसवून काम शिकवलं होतं, स्वतःच्या थर्मासमधली कॉफी पाजली होती. ते उपकार ती विसरली नव्हती. निरोपाला फॉयचे वडील जॉर्जियाहून येणार होते. हृदय अगदीच कमजोर झालेलं, चाकांची खुर्ची, डॉक्टरांनी हा एकच प्रवास कसाबसा कबूल केलेला. मुलाच्या छातीवर पदक लागलेलं बघायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. आणि फॉयची शिफारस पुन्हा एकदा परत आली होती.

“राहू दे गं पोरी,” फॉय म्हणाला. “येईल टपालाने. सगळ्यांचं येतं.”

“सगळ्यांचं येतं म्हणूनच माझं डोकं फिरतं!”

कामातला फापटपसारा कसा काढायचा, याच्या वर्गाला ती नुकतीच जाऊन आली होती. मूळची ही मोटारींच्या कारखान्यातली विद्या, त्यामुळे कचेरीत तिची यथेच्छ टिंगल चालायची. पण वर्गात एक गोष्ट तिच्या मनात बसली होती: कागदाचं काय होतं ते कळायला हवं, तर त्याच्याबरोबर स्वतः चाला. ती लंगडत फॉयचा कागद घेऊन टेबलाटेबलाशी गेली. कुणी काय खोडलं, कागद कुठे नुसता पडून राहिला, सगळं पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून तिने मेजरच्या दाराबाहेरच्या भिंतीवर चिकटवलं. भिंत पिवळीधमक झाली.

मेजर बाहेर आला. “सार्जंट, ही काय जत्रा भरवलीय?”

“सर, हा फॉयचा कागद. ही खोडाखोड तुमची, ही कर्नलसाहेबांच्या दालनातली. आणि आता जो शब्द उरलाय ना, तो कंपनीने पहिल्यांदा लिहिला होता तोच.”

मेजर भिंतीकडे बघतच राहिला. मग कान खाजवत म्हणाला, “पण बदलल्याशिवाय मला राहवत नाही, त्याला काय करू?”

“बदला की! पण सगळ्यांनी एका टेबलाशी बसून, एकदाच. उठल्यावर पेन खिशात.”

“डोनट कोण आणणार?”

“मी आणते, सर. तुम्ही फक्त या.”

गुरुवारी सकाळी सगळे बसले. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी तिथल्या तिथे भांडायचं. भांडणं झाली, हसणंही झालं, आणि डोनट संपायच्या आत फॉयच्या शिफारशीवर सगळ्या सह्या झाल्या. ग्लेंडाने तो कागद छातीशी धरला आणि देवाचे आभार मानले.

निरोपाच्या दिवशी कर्नलसाहेबांनी पदक उचललं आणि वाकून अमोस फॉयच्या, म्हणजे म्हाताऱ्याच्याच हातात ठेवलं. म्हातारा ते मुलाच्या छातीला लावू लागला. पिन कापडात जाईना. मुलगा खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला. मदतीला कुणी पुढे झालं नाही. अखेर पदक लागलं.

मग म्हाताऱ्याने ग्लेंडाला जवळ बोलावलं. “भिंतीवर चिठ्ठ्या लावणारी तूच का?”

“हो, काका.”

“कोरियाच्या लढाईनंतर माझं पदक टपालाने आलं. घरात कुणी नव्हतं. पाकीट मीच फोडलं, आरशासमोर उभं राहून मीच शर्टाला लावलं. दारात कुणाची चाहूल लागली, तसं काढून खणात टाकलं. लाज वाटली.” त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. “देव तुझं भलं करो, पोरी.”



“बाबा,” फॉय म्हणाला, “हे मला कधीच सांगितलं नाहीत.”

“आज तुला लावलं, म्हणून सांगता आलं.”