देखरेखीचा महिना

घ्या, चहा घ्या, निवून जाईल. माझी फजितीच ऐकायची म्हणता तर ऐका. कॉलेजात असताना मी एक संप केलता. चांगला चार दिवस चालला. अन् तो चालू हाय हे कुणाला कळलंच न्हाई!

हसू नका, अजून सुरुवातबी झाली न्हाई.

आमचं गाव आष्टी तालुक्यात. वडील ऊसतोडीचे मुकादम, अख्खं गाव त्यांना तात्या म्हणतं. मुकादमानं मजुरांना आधी पैसे द्यायचे, त्याला उचल म्हणतेत. मग टोळी करायची अन् दिवाळीनंतर कारखान्यावर न्यायची. मजूर ऊस तोडणार, मुकादम देखरेख करणार अन् कमिशन घेणार. लहानपणापासून मी हेच बघितलेलं. त्यामुळं माझी पक्की समजूत, की जगात काम करणारे वेगळे अन् करून घेणारे वेगळे, अन् आपण दुसऱ्यातले.

बारावी झाल्यावर तात्यांनी सांगून टाकलं, "कॉलेजला जायचं तर जा. पण परीक्षेचा फॉर्म सोताच्या कमाईतनं भरायचा. न्हाई जमलं तर दिवाळीनंतर माझ्यासंगं कारखान्यावर चलायचं, टोळीची वही लिहायला."

तात्या एकदा बोलले की बोलले.

कॉलेजात 'कमवा व शिका' योजना होती. शिकता शिकता पोरांनी रोज दोन-तीन तास कॉलेजचं काम करायचं, पुस्तकांची धूळ झाडायची, बागेला पाणी घालायचं. तासाच्या दरानं महिन्याला पैसे बँकेत. आम्ही दहा जण लागलो. योजनेचे काळे सर म्हणाले, "रोज काय काम केलं ते रजिस्टरमध्ये स्वतः लिहायचं आणि सही करायची."

मी हात वर केला. "सर, उचल किती?"

"कसली उचल?"

"कामाच्या आधी देतेत ती."

सर चष्म्यावरनं बघत राहिले. "दत्ता, हे कॉलेज आहे. आधी काम, मग पैसे."

मला सरांची कीव आली हो! एवढा शिकलेला माणूस, अन् मजूर कसा बांधून ठेवायचा हे ठाऊक न्हाई. म्हणलं, आता आपल्यालाच लक्ष घालावं लागतंय.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतेत, एकट्याला अर्धा. मी पोरांच्या जोड्या लावल्या. नऊ जणांचे साडेचार कोयते झाले. दहावा मी, मुकादम. उरलेला अर्धा कोयता म्हणजे संगीता. तिचे आईबाप तात्यांच्याच टोळीत तोडीला जायचे. पोरगी कामाला वाघ, अन् तोंडानं त्याहून.

"अन् तू काय करणार?" ती म्हणली.

"देखरेख."

"कुणी नेमलं तुला?"

"मुकादमाला कुणी नेमत नसतंय, संगे. तो असतोय!"

मग काय, लिंबाच्या झाडाखाली बैठक मारली. "ए, वरचं कपाट राह्यलं!" "गुलाबाला लई पाणी झालं!" अन् संध्याकाळी रजिस्टरमध्ये ऐटीत लिहायचो, 'देखरेख, तीन तास'. खाली झोकदार सही.

मधीच एका पोरानं मोबाइलवर दाखवलं, की सरकारनं ठरवलेलं किमान वेतन आपल्या दरापेक्षा जास्त हाय. झालं! दरवाढीसाठी ऊसतोडीत कोयता बंद करतेत, मी झाडू बंद पुकारला. तडक सरांकडं गेलो. "किमान वेतन द्या, न्हाईतर काम बंद!"

सर शांतपणे म्हणाले, "तुझं म्हणणं चुकीचं नाही. पण ही नोकरी नाही रे, शिकताना आधार म्हणून दिलेली मदत आहे. दर वरून ठरतो. अर्ज दे, मी पुढं पाठवतो."

अर्ज? अर्जानं कधी दर वाढलेत व्हय? बाहेर येऊन मी मोठ्यानं घोषणा दिली. संगीतानं झाडू उचलला. "तू बस बंद करून. आमाला फॉर्म भरायचेत." बाकीचे आठ तिच्या मागं.

मग मी एकट्यानंच संप केला. पाचव्या दिवशी संगीता विचारती, "तुझा संप कवा सुरू होणार हाय?" आता तिचं तरी काय चुकलं? संपाच्या आधीबी मी तिथंच बसलेलो असायचो.

महिना संपला. नऊ जणांचे मोबाइल वाजले, पैसे जमा. माझा वाजलाच न्हाई! पळत सरांकडं गेलो. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. "वाच."

वाचलं. देखरेख, देखरेख, देखरेख, मधी चार दिवस संप, मग परत देखरेख.

"यात काम कोणतं?" सर म्हणाले.

फॉर्मची मुदत तीन दिवसांवर. तेवढ्यात तात्यांचा फोन, "भरला का फॉर्म?" मी म्हणलं, "भरला." बोलून बसलो! खरं सांगतो, लायब्ररीच्या मागं जाऊन रडलो. मला शिकायचं होतं हो, वही लिहायला जायचं नव्हतं.

तिथं संगीतानं गाठलं. "रडतोस कावून? पैसे मी देते. माझा फॉर्म भरून उरलेत."

"खरंच?"

"उचल म्हणून. हितं सही कर."

वहीचं पान फाडून तिनं रीतसर कागद केला. रक्कम, मुदत, दोन साक्षीदार, अन् शेवटी 'काम अर्धवट टाकून पळून जाणार नाही'.

"हे कुठं शिकलीस?"

"तुझे तात्या दरसाल माझ्या बापाकडून लिहून घेतेत ना. मीच वाचून दाखवते त्याला."

गुमान सही केली.

पुढच्या महिन्यात झाडू धरला, कपाटं पुसली, पाणी घातलं, अन् रजिस्टरमध्ये केलं तेवढंच लिहिलं. संगीता तिचं काम उरकून लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायची. तिथनंच आवाज, "दत्ता, गुलाबाला लई पाणी झालं!"

अन् नेमके एका दुपारी तात्या कॉलेजात हजर! टोळी निघायच्या आधी पोरगं खरंच शिकतंय का, ते बघायला आलते. बघतेत तर मुकादमाचं पोरगं पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइप धरून उभं, अन् मजुराची पोरगी त्याला बसल्या जागेवरनं बोटानं गुलाबाची आळी दाखवतीय.

"हे काय रे?"

एकदा खोटं बोलून झालं होतं. म्हणलं, "तात्या, फॉर्मसाठी संगीताकडून उचल घेतलीय. ती फेडतोय."

तात्यांनी पाइप बघितला, माझे चिखलाचे पाय बघितले. मग ते संगीताकडं वळले, अन् एका मुकादमानं दुसऱ्या मुकादमाला विचारावं तसं विचारलं, "कसाय गं कामाला?"

संगीतानं पुस्तक मिटलं. "बरा हाय, तात्या. पण देखरेख लागती."