भाकरीतली गव्हाची मूठ

कोपरांवर, गुडघ्यांवर पाण्याने भरलेले बारीक फोड यायचे. खाज इतकी, की ऑफिसात मी टेबलाच्या कडेला कोपर घासत बसायचे. घरच्यांनी खरूज ठरवून माझा टॉवेल वेगळा केला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा तपासला. म्हणाले, "मूळ आतड्यात आहे, दिसतंय कातडीवर. गहू कायमचा बंद."

मी लगेच कामाला लागले. ज्वारीसाठी घरघंटी आणली, डबे वेगळे केले. हिंगसुद्धा बदलला, त्यात कणीक असते म्हणून.

तरी फोड येतच राहिले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पथ्य पाळत नाही." सोबत आलेल्या धाकट्या जावेने ते घरभर केलं. "ताई चोरून पोळी खात्यात, दुसरं काय!" सासूबाई हसल्या. नवराही हसला, ते मी विसरलेले नाही.

भाकऱ्या जावच करायची. पाहुण्यांत तिच्या भाकरीचं नाव होतं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर ती माझ्या ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठाची मूठ टाकत होती.

"हे काय?"

"पीठ जुनं झालं की भाकर तुटती, ताई. मूठभरानं काय व्हतंय?"

त्या दिवसापासून माझी भाकरी मी करू लागले आणि तिच्या माहेरची माणसं पाचोडहून यायची वाट पाहिली. ती आली त्या रविवारी गव्हाचा डबा माझ्या कपाटात कुलूपबंद केला. तिच्यापुढे जुन्या, विरी म्हणजे चिकटपणा गेलेल्या ज्वारीच्या पिठाची परात सरकवली.

पहिली भाकरी थापतानाच तिच्या हातात फाटली. दुसरी तव्यावर तुटली. तिचा भाऊ ताटावरून ओरडला, "काय गं, हात इसरलीस का?"

"पीठच लई जुनं हाय," ती पुटपुटली.

"मग रोजच्यासारखी गव्हाची मूठ घाल ना," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "त्या मुठीपायी माझं अंग सोलून निघालं आणि चोरटी मी ठरले."

भावाने मान खाली घातली. सासूबाई मीठ शोधू लागल्या. मी तिला उठवलं, विरी यावी म्हणून उकळत्या पाण्यात तेच पीठ मळलं आणि पाहुण्यांना अख्ख्या भाकऱ्या वाढल्या.

आता फोड वाळलेत, डाग राहिलेत. जावेने दोनदा माफी मागितली. मी "बघू" म्हटलंय.