पहिले कोणाले दाखवलं?

कुणी नवी वस्तू घेतली की आमच्या गोंदियात पहिला प्रश्न ठरलेला: केवढ्याची? कटरे मॅडमच्या तोंडून हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. साडी असो की मोबाइल, त्या हात लावून बघायच्या, तोंडभर कौतुक करायच्या आणि विचारायच्या, "पहिले कोणाले दाखवलं?" समोरचा माणूस आधी हसायचा आणि एकदा बोलायला लागला की थांबायचा नाही. पण हा प्रश्न मॅडमना सहजासहजी सापडला नव्हता.

मॅडम गोंदियाला लागूनच्या फुलचूरला राहायच्या, कॉलेजात कॉमर्स शिकवायच्या. मी बाजारातल्या घड्याळांच्या दुकानात काउंटरवर होते, आजही तिथंच आहे. एक दिवस शेठजींची परवानगी काढून त्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आल्या. लोक महागड्या वस्तू कशा आणि कशासाठी घेतात, यावर त्यांची पीएचडी चालली होती. वय पंचेचाळिशीच्या पुढं. स्वतःच्या मनगटावर दोऱ्यानं पट्टा शिवलेलं घड्याळ, आणि निघाल्या भारी घड्याळांचा अभ्यास करायला! मी फटकळ, तोंडावर बोलून मोकळी झाले. त्या म्हणाल्या, "उपाशी माणूसच सैपाकाचा वास बरोबर सांगते, मंदा."

पहिला गठ्ठा पार वाया गेला. फॉर्मवर प्रश्न होता: 'आपण चैनीच्या वस्तू वर्षातून किती वेळा खरेदी करता?' आमच्याकडं चैन म्हणजे गळ्यातली, सोन्याची. लोकांनी इमानदारीत लिहिलं, 'एकच आहे, लग्नात सासऱ्यानं दिली.' एका बाईनं लिहिलं, 'चैन नाही, पोत आहे.' मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "चूक त्याइची नाही. पुस्तकातली भाषा घेऊन मीच बाजारात आली," म्हणाल्या, आणि नवे फॉर्म छापून आणले.

नव्या फॉर्मात आमच्या बोलीत साधं विचारलं होतं, काऊन घेतलं? म्हणजे, का घेतलं? तेच अंगाशी आलं. देवरीच्या पुढच्या एका गावाहून उईके नावाचे गृहस्थ आले होते. शेती आणि जंगलातली कामं करणारा माणूस. अर्धा तास निवडून त्यांनी एक भारी घड्याळ पसंत केलं. मी बिलावर नाव-गाव लिहीत होते, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "दादा, एवढं भारी घड्याळ काऊन घेऊन राहिले?"

"काऊन म्हणजे? आमी घालू नाही का?" उईके म्हणाले, आणि घड्याळ तिथंच ठेवून निघून गेले.

शेठजी भडकले. "मॅडम, पढ़ाई कॉलेज में करो. यहाँ ग्राहक भाग रहा है." बाकीच्या दुकानांनी आधीच नाही म्हटलं होतं आणि पीएचडीची मुदत संपत आली होती. मला वाटलं, आता आटोपलं. पण मॅडमना त्या माणसाचा उतरलेला चेहरा जास्त सलत होता. रविवारी त्यांनी देवरीची बस धरली आणि मलाही सोबत ओढलं.

उईकेंच्या अंगणात त्या सरळ म्हणाल्या, "दादा, मी चुकली." उईकेंनी बाज टाकली, पाणी दिलं. पाणी पिऊन मॅडमनी विचारलं, "घेतलं असतं तं पहिले कोणाले दाखवलं असतं?"

"मायले," ते म्हणाले. म्हातारी दाराशी बसली होती. "तिले घड्याळातलं काही समजत नाही. पण माहा बाप जंगलकामावर साऱ्याइले टाइम विचारे, अन् लोक त्याले हासत. मायनं ते पायलं हाय."

परतीच्या बसमध्ये मॅडमनी फॉर्मवरचं 'काऊन' पेनानं खोडलं. पुढच्या आठवड्यात उईके येऊन तेच घड्याळ घेऊन गेले आणि शेठजींचा राग उतरला.

तिसऱ्यांदा फॉर्म छापले, त्यात 'काऊन' नव्हतं. 'पहिले कोणाले दाखवलं?' होतं. कुणी म्हणे भावजयीले, कुणी म्हणे नापास करणाऱ्या मास्तरले. एक जण म्हणाला, "कोणालेच नाही, आरशाले." नागपूरच्या मार्गदर्शक सरांनी मात्र लाल पेन फिरवलं. 'प्रथम कोणास दाखविले?' असं लिहा, नाहीतर सही करणार नाही. मॅडम हटल्या नाहीत. "सर, 'कोणास' म्हटलं का माणूस शहाणा होते, अन् खोटं बोलते." दोन महिने सही अडली. माझाच जीव टांगणीला लागला होता. शेवटी सर स्वतः दुकानात आले आणि एका गिऱ्हाईक बाईला आपल्या पुस्तकी भाषेत विचारलं. ती पदर सावरून म्हणाली, "कोणालाच नाही, साहेब." तिलाच मॅडमनी आमच्या बोलीत विचारलं, तर ती वीस मिनिटं बोलली. सरांनी सही केली.

प्रबंध बांधून झाला त्या दुपारी मॅडमनी ते काळं जाड पुस्तक माझ्या काउंटरवर ठेवलं. सगळं इंग्रजी. मी दहावी शिकलेली, नुसती पानं उलटत होते. एका पानावर मधोमध आपल्या लिपीत एकच ओळ होती, ती मोठ्यानं वाचली: पहिले कोणाले दाखवलं?

"तुमी कोणाले दाखवलं, मॅडम?" मी विचारलं.

"आता दाखवूनच तं राहिली," त्या म्हणाल्या. "नागपूरच्या गाडीतून उतरली अन् सरळ इकडेच आली." मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मॅडम वारल्या त्याला आता दीड वर्ष झालं. बावीस वर्षं घड्याळं विकल्यावर या दिवाळीत मी पहिल्यांदा स्वतःसाठी एक घेतलं. डबी अजून दुकानाच्या खणातच आहे. घरी नेली की सगळे विचारतील, केवढ्याचं? मला दुसऱ्या प्रश्नाची सवय लागली आहे.