डोंगरावरचे जाकीट

मॅग्डा मेनिगो बोलताना समोरच्याकडे बघत नाही, ही काल्क बे या समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावातल्या बायकांची जुनी तक्रार आहे. ती हसते, तुमच्या आजारी मुलाची आठवणीने चौकशी करते, पण तिचे डोळे तुमच्या खांद्यावरून पलीकडे, पाण्यावर असतात. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात नवरा शेजारी उभा असतानाही ती समुद्राकडेच बघत होती, आणि फोटोत ते तसेच आले आहे.

ही सवय वडिलांची. ओम गिडियन, म्हणजे गावाचे गिडियनकाका, रापणीचे टेहळे होते; रापण म्हणजे होडीने पाण्यात सोडून किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे. किनाऱ्यामागच्या डोंगरावर एका खडकावर ते दिवसभर उभे राहत, बोय माशांचा थवा दिसला की अंगातले जाकीट काढत, आणि खाली होडीवाल्यांना खुणा करत. जाकीट डोक्यावर गरगर फिरले की होडी पाण्यात घालायची. हात लांब केला की त्या बाजूला वल्हवायचे. जाकीट जमिनीवर आपटले की जाळे सोडायचे. होडीतून बघणाऱ्याला पाण्याच्या पोटातले काही दिसत नाही, म्हणून डोंगरावरच्या माणसाच्या खुणेवर शंका घ्यायची नाही, हा रापणीचा पहिला नियम. आणखी एक खूण होती, क्वचित लागणारी. दोन्ही हात डोक्यावर. म्हणजे पाण्यात पांढरा शार्क आहे. असाल तिथून किनाऱ्याला या आणि तिथेच थांबा.

मॅग्डा लहानपणापासून बापाचा डबा घेऊन त्या खडकावर जायची. त्यांच्या शेजारी बसून ती पाणी वाचायला शिकली. ओम गिडियन गेल्यावर तिने थोरल्या भावाकडे, आबेलकडे, ती जागा मागितली. रापण आता त्याच्या हातात होती.

"बाई डोंगरावर उभी राहिली की मासा तोंड फिरवतो," आबेल म्हणाला.

"कोणाचा मासा, बूटा? तुझाच असेल, लाजरा." आबेलला ती बूटा, म्हणजे दादा, म्हणायची.

सगळे हसले, पण जागा आबेलच्या माणसांतल्या फ्रिट्झला मिळाली. मॅग्डाने वाद घातला नाही. वडिलांचे जाकीट तेवढे मागून घेतले आणि पोहणाऱ्यांसाठी शार्कवर नजर ठेवणाऱ्यांत ती नोकरीला लागली. डोंगर तोच, खडक दोन हात अलीकडचा. काळा चष्मा लावून ती पाणी बघत असे. शार्क दिसला की वायरलेसवर खाली जोडीदारीण झोलेकाला सांगायचे. झोलेका किनाऱ्यावरच्या खोपटात असे. ती भोंगा वाजवायची आणि हिरवा झेंडा उतरवून पांढरा चढवायची. मग सगळे पाण्याबाहेर.

पांढरा शार्क वरून कसा दिसतो, असे कोणी विचारले तर मॅग्डा म्हणायची, "घाई नसलेल्या माणसासारखा." उन्हाळ्यात ते लाटा फुटतात त्याच्या जरा मागून, किनाऱ्याला धरून फेरी मारतात. शेपटीचा एक संथ हेलकावा, मग बराच वेळ काही नाही. बहुतेक वेळा ते माणसांच्या जवळून जातात आणि माणसांना कळतही नाही. मॅग्डाला ते बघायला आवडायचे. पण 'बहुतेक' या शब्दावर तिची झोप अवलंबून होती.

जानेवारीतल्या त्या सकाळी तिच्या मनात एक काटा होता. आदल्याच आठवड्यात तिने भोंगा वाजवायला लावला होता, आणि आबेलच्या माणसांनी भरत आलेले जाळे सोडून दिले होते. निघाले शेवाळ. तुटून वाहत आलेले, लांबलचक, काळपट. तेव्हापासून रस्त्यात भेटला की आबेल विचारी, "काय गं मॅग्डे, तुझ्या शेवाळाला दात फुटले का?"

म्हणून त्या सकाळी उजवीकडच्या खडकांपाशी गडद पट्टा दिसला तेव्हा ती लगेच बोलली नाही. वारा किनाऱ्याकडे होता. शेवाळ असेल तर ते किनाऱ्याकडे येईल. ढगाची सावली असेल तर वाळूवरही चढेल. ती बघत राहिली. पट्टा वाऱ्याला आडवा सरकला. मग त्याच्या एका टोकाला संथ हेलकावा दिसला.

पाण्यात लोक होते, पण बहुतेक कमरेएवढ्या पाण्यात. दूर एकच पिवळी टोपी. व्हायोला अँटी. पंचाहत्तरी उलटलेली, रोज लाटांच्या मागे जाऊन किनाऱ्याला समांतर पोहणारी आणि कोणाचे न ऐकणारी. ती शार्ककडेच चालली होती.

मॅग्डाने न बघता मागे हात घातला. पिशवी नव्हती.

वरच्या खडकावर एक दांडगा बबून वानर तिच्या पिशवीत तोंड घालून बसला होता. या डोंगरावर काम करणारा प्रत्येकजण एक गोष्ट आधी शिकतो, खाणे आणि वायरलेस एका पिशवीत ठेवायचे नाही. मॅग्डा स्वतः नव्या मुलींना हे सांगायची. आज वाऱ्याने वायरलेस सारखा खरखरत होता, म्हणून तिने तो पावाशेजारी कोंबला होता. फोनही तिथेच.

"टाक! टाक ते!" ती ओरडत धावली. बबूनने पाव काखोटीला मारला, आणि बाकीचे सगळे, वायरलेससकट, कड्यावरून खाली सोडून दिले.

ती खाली बघून ओरडली, तर वाऱ्याने आवाज तिच्याच तोंडात परत कोंबला. पायवाटेने उतरायला अर्धा तास. पिवळी टोपी आणि गडद पट्टा यांच्यात आता फुटबॉलच्या दोन मैदानांएवढे अंतर. खोपटावर हिरवा झेंडा निवांत फडकत होता.

मॅग्डाने जाकीट काढले आणि डोक्यावर गरगर फिरवले.

झोलेकाचे लक्ष जावे, एवढेच तिला हवे होते. पण झोलेका पाठमोरी उभी राहून कोणाशी तरी बोलत होती. रापणकराची मान मात्र डोंगराकडे आपोआप वळते. फ्रिट्झ मयताला गेल्यामुळे आबेलची माणसे होडीला टेकून रिकामी बसली होती. त्यांनी फिरते जाकीट पाहिले आणि कोण, काय, असे न विचारता होडी पाण्यात लोटली.

मॅग्डा हबकली. जाकीट फिरले म्हणजे बोय आले, हे ती घाईत विसरली होती. आता एका म्हातारीच्या जोडीला होडीभर माणसे निघाली होती. डोक्यावर हात ठेवावे? मग ते तिथूनच परत वळतील आणि व्हायोला अँटी एकटी राहील.

तिने उजवा हात लांब केला.

होडी वळली आणि थोडी जाऊन थांबली. मागे उभ्या आबेलने डोळ्यांवर हात धरून वर बघितले. होडीत तेव्हा काय बोलणे झाले, ते वल्ह्यावरच्या पीटने नंतर सांगितले.

"अरे, फ्रिट्झ कुठला? ही आपली मॅग्डी आहे," आबेल म्हणाला. "शेवाळ दिसलं असेल. फिरवा मागे."

"आबेल, तो हात बघ," पीट म्हणाला. "ओमचाच हात आहे."

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली!"

"म्हणूनच म्हणतोय, बघ."

वर मॅग्डाला फक्त थांबलेली होडी दिसत होती. खांदा भरून आला तरी तिने हात हलवला नाही. शार्क पुन्हा एकदा शेपटी हलवून पुढे आला. पिवळी टोपी शांतपणे हात मारत होती. बूटा, एकदाच ऐक, मॅग्डा पुटपुटत होती. आयुष्यात एकदा.

वल्ही पाण्यात गेली.

 तिने हात थोडा वर घेतला, मग थोडा खाली, आणि होडी तशी तशी वळत गेली. गडद पट्टा आता संथ राहिला नव्हता. त्याने आपली सरळ वाट सोडली आणि टोपीभोवती एक वळण घेतले. होडी पोचली. आबेल वाकून पाण्यात बोय शोधू लागला, आणि त्याला दिसली व्हायोला अँटी. त्याने चिडून वर बघितले.

मॅग्डाने जाकीट टाकून दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

आबेलने क्षणही घालवला नाही. तो आणि पीट होडीच्या कडेवर ओणवे झाले आणि अँटीला पोहण्याच्या कपड्याला धरून, बोलू न देता, आत ओढले. तिचे पाय वर येतात न येतात, तोच होडीपेक्षा लांब अशी सावली होडीखालून गेली. वरून मॅग्डाला दोन्ही टोके दिसली, इकडे तोंड, तिकडे शेपटी, मध्ये होडी.

तेव्हा कुठे झोलेकाने मागे वळून बघितले आणि भोंगा वाजला.

शार्क गेला नाही. जरा बाहेर सरकून पुन्हा घाई नसल्यासारखा फिरू लागला. मॅग्डा खडकावर बसली आणि तिथूनच त्याच्यावर नजर ठेवून राहिली.

झोलेका दुसरा वायरलेस घेऊन वर आली, आणि तिच्या मागून धापा टाकत आबेल. या डोंगरावर तो बाप गेल्यापासून चढला नव्हता.

"अँटी कशी आहे?" मॅग्डाने पाण्याकडे बघतच विचारले.

"शिव्या देतेय. कपडा फाडला म्हणते, नवा घेऊन द्या." तो खडकाला टेकला. "बोय कुठायत?"

"नव्हतेच."

"जाकीट फिरवलंस. जाकीट फिरलं म्हणजे बोय."

"आधीच हात डोक्यावर ठेवले असते, तर तिच्यापर्यंत गेला असतास?"

 "पीट म्हणतो, हात बाबांचा होता," आबेल म्हणाला.

"त्यांच्या डोळ्यांवर शेवटी शेवटी पडदा आला होता, बूटा. बघायची मी. त्यांचा हात कोपराला धरून वळवायची."

"शेवटी म्हणजे केव्हा? ते ईस्टरचे बोय, होडी बुडायला आली होती ते..."

"तेसुद्धा."

आबेलने खाली बघितले. किनाऱ्यावर त्याची माणसे पुन्हा होडीला हात लावून उभी होती. खडकांपाशी पाणी खरेच थव्याने काळवंडले होते आणि ते आता किनाऱ्यावरूनही दिसत असावे.

"बोय आहेत," तो म्हणाला. "काढू होडी?"

"तो अजून आहे. त्या थव्याच्या पलीकडे."

"मला दिसत नाही."

"मला दिसतोय."

आबेलने एकदा थव्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितले. मग तो खडकाच्या टोकाशी गेला, खालच्या माणसांना नीट दिसेल असा उभा राहिला, आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.