विहीणबाईंसाठी अकरा सूचना

तारीख १७ एप्रिल, रविवार. खिशात दोन हजार रुपये. बरोबर बायको आणि आदल्या संध्याकाळी साताऱ्याहून आलेल्या विहीणबाई. ओसरीवरचा पारा सकाळी दहालाच अडतीसवर होता.

विहीणबाई पहिल्यांदाच बऱ्हाणपूरला आल्या होत्या, पण किल्ला बघायला नव्हे. माझ्या लेकीचा सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं खरं, पण असल्या उन्हाळ्यात सुनेला इकडे धाडायचं की नाही, हे त्या स्वतः बघून ठरवणार होत्या. लेक फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, मला घरी यायचंय हो."

म्हणून मी नवख्या माणसासाठी अकरा सूचना लिहून आठ दिवस आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. सुती कपडे आणा. ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. मशीद बघताना डोक्यावर पदर घ्या. सहावी सूचना अशी: रमजान चालू आहे, बाजारात कुणासमोर खाऊ-पिऊ नये. आमच्या बुधवारा मोहल्ल्यातली ही जुनी सवय. रमजानात तहान लागली तर आम्ही गल्लीच्या कोपऱ्याला वळून पाणी पितो. कुणी सांगितलेलं नाही, आपलं आम्हीच पाळतो.

बाळाच्या दुपट्यांसाठी मऊ कापड घ्यायचं होतं. विहीणबाईंनी तीन दुकानं पाहिली. चौथ्या दुकानात साडेबारा वाजले. मी घड्याळाकडे बघत होतो, त्यांच्या चेहऱ्याकडे नाही. कापड बोटांत चुरगाळून त्या म्हणाल्या, "हे मऊ आहे हो," आणि बसल्या जागी कलंडल्या.

बायकोने त्यांची पिशवी उघडली. आत पाण्याची बाटली, सकाळी भरली तशी काठोकाठ.

दुकानामागेच दुकानदाराचं घर. त्याची म्हातारी आई, सगळ्यांची अम्मा, पडदा सारून बाहेर आली. तिचा रोजा होता. तिने आणि बायकोने विहीणबाईंना आत नेऊन फरशीवर निजवलं. म्हातारीने ओढणी भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवली, पेल्यात मीठ-साखर ढवळली. विहीणबाईंनी डोळे उघडले आणि पेला बाजूला सारला.

"नको. तुमचा उपास आहे."

"रोजा मेरा है बाई, तुम्हारा थोडी है. पियो."

"यांनी लिहून दिलंय," विहीणबाईंनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

अम्मा माझ्याकडे वळली. "तूने लिखा? यहींच पैदा हुआ ना तू? हमारे घर में सबका रोजा, तो दुकान में माठ किसके लिए भरती मैं? और तुम्हारी एकादशी को हम तुम्हारे सामने चाय नहीं पीते क्या?"

पितात. माझ्याच ओट्यावर बसून पितात.

मी दुकानात येऊन बसलो. लेकीला काय सांगायचं, याचाच विचार डोक्यात. सासूच जिथे अर्ध्या दिवसात आडवी झाली, तिथे सुनेला कोण पाठवील? अर्ध्या तासाने पडद्याआडून विहीणबाईंचा आवाज आला. हिंदी त्यांची यथातथाच.

"मेरे सून को बाळंतपण के लिए इधर भेजना है. जून में. इतने गरमी में होगा क्या?"

"मेरे चारों मई-जून के हैं," अम्मा म्हणाली. "पच्छिम की दीवारवाला कमरा मत देना. और पानी पूछते रहना. बहू खुद नहीं माँगेगी, शरमाएगी. तुमने माँगा क्या?"

विहीणबाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच.

बाहेर आल्या तेव्हा तोंडावर तरतरी आली होती. मला म्हणाल्या, "दादा, पाच मेला तिला घेऊन येते. मीही आठ दिवस राहीन. पूर्वेची खोली रिकामी करा. आणि तिला काही लिहून देऊ नका."

"यांचा फोनच मी माझ्याजवळ ठेवते," बायको म्हणाली.

कापड आठ मीटर घेतलं. नव्वदच्या भावाने सातशे वीस झाले. मी पाकीट काढलं तर विहीणबाईंनी माझा हात धरला. "पहिलं दुपटं आजीच्या पैशाचं," म्हणाल्या, आणि सातशे वीस रुपये स्वतः मोजून अम्माच्या मुलाच्या हातात दिले.