मुखत्यारनाम्यावरचं जर्मन

माझा अक्षराभ्यास दोनदा झाला. पहिला तिसऱ्या वर्षी, दुसरा एकोणिसाव्या; आणि दुसऱ्या वेळी मी तिथं नव्हतोच!

झालं असं. जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीत मला जागा मिळाली, पण आधी तिथल्या भाषाशाळेत शिकून जर्मनची परीक्षा पास व्हायची अट होती. वर्गात माझ्या शेजारी वरंगलची दोन पोरं आली. मग काय विचारता! आदिलाबादच्या शाळेत दहा वर्षं न सुधारलेलं माझं तेलुगू जर्मनीत सहा महिन्यांत फर्मास सुधारलं. परीक्षेत अर्थातच आपटलो. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली, तर जागा रद्द आणि विमान थेट हैदराबादला (तिथून बस).

घाबरत घाबरत घरी फोन केला. आई रागावली नाही. तिला कारण लगेच सापडलं.

"तुयी जर्मनची अक्षरं बासरले गिरवलीच नाई आपण! मंग सरस्वतीनं तरी काय करावं?"

बासरला सरस्वतीच्या देवळात लहान पोरांना मांडीवर घेऊन पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात, तोच अक्षराभ्यास. माझं झालं होतं, पण ते मराठीचं.

"आई, मी तं इथं हाय. बासरले कसा येऊ?"

बाबा तहसील कचेरीतून रिटायर झालेले. त्यांनी फोन हिसकावला. "मुखत्यारनाम्यावर जमीन इकता येते, तं विद्या काऊन घेता येत नाई? मी बसतो!"

आणि बसले की हो! आदिलाबादजवळच्या आमच्या मावल्याहून दोघं बासरला गेले. रडक्या पोरांच्या रांगेत एकसष्ट वर्षांचे बाबा, हातात पाटी, कपाळाला कुंकू. पुजाऱ्यांनी तेलुगूत विचारलं, पोरगं कुठंय? बाबांनी छाती फुगवून सांगितलं, "जर्मनीत!" मग आईनं त्यांचा हात धरला आणि मी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं अक्षर गिरवून घेतलं. शेजारचं पोरगं रडायचं थांबून यांच्याकडेच बघत राहिलं म्हणे. नंतर बाबांचे गुडघे धरले, तेव्हा दोघांनी उचलून त्यांना उभं केलं.

परतीच्या बसमध्ये, वाटेतलं निर्मल गाव यायच्या आतच, आईला शंका आली.

"अवो, हात तं तुमचा होता. मंग विद्या कोनाले भेटली?"

बाबा गारच पडले. पोराची विद्या आपल्या नावावर चढली! (महसूल खात्यातल्या माणसाला याहून मोठं पाप नाही.) संध्याकाळीच फोन आला.

"हे पाय, मी आता जर्मन शिकतो अन् रोज थोडं थोडं तुले परत करतो. काढ पुस्तक!"

मी हसलो. पण बाबा खरंच शिकायला लागले! माझा वर्ग सुटला की रोज त्यांचा फोन. हे काऊन, ते काऊन! प्रत्येक 'काऊन'चं उत्तर द्यायला मलाच आधी पुस्तक उघडावं लागे.

"बाबा, आज राहू द्या ना. थकलो."

"थकून कसं जमन? पराया माल हाय माह्याजवळ!"

तीन महिने आम्ही बापलेक मोडक्या जर्मनमध्ये बोललो. बाबांचे विषय ठरलेले: गुडघे, झोप, पोट साफ झालं का, कागदपत्रं पुरी आहेत का.

तोंडी परीक्षेला माझ्या जोडीला व्हिएतनामची एक मुलगी होती. विषय होता, मैत्रिणीच्या वाढदिवसाची पार्टी ठरवा. मी खुर्ची पुढं ओढली आणि जर्मनमध्ये सुटलोच. "तब्येत कशी आहे? गुडघे? रात्री झोप लागते ना? पार्टीचं बघू, आधी सगळी कागदपत्रं एका फायलीत लाव!"

परीक्षक बाई चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, संपलं सगळं. पास झालो!

फोनवर सांगितलं, तर बाबा रडायलाच लागले. "झालं बापा, तुयं तुले भेटलं." मीही रडलो, खोटं कशाला सांगू? माझ्यासाठी एकसष्टाव्या वर्षी मांडी घालून बसलेल्या माणसाचे उपकार मी फेडणार तरी कसे!

आता युनिव्हर्सिटीत आहे, जर्मन फाडफाड बोलतो. वर्गातली पोरं दोन वाक्यांतच सटकतात. पण बसस्टॉपवरचे समस्त पेन्शनर मला लांबून हात करतात, आणि परवा त्यातल्या एकानं फार आपुलकीनं विचारलं, "तुम्ही रिटायर कधी झालात?"