परत आलेली संत्री

काल नातवासाठी संत्रं सोललं. सालीचा तिखट वास बोटांना लागला आणि मी पुन्हा आर्वीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन बसले.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात शेजाऱ्यानं माझ्या नवऱ्याचं डोकं फोडलं होतं. ते पाहिलेली मी एकटीच. शेजाऱ्यानं नागपूरहून नावाजलेला वकील आणला होता. आमची म्हणून काळ्या कोटातली एक तरुण वकीलबाई होती, असं मी समजत होते. तळेगावच्या आमच्या बागेतल्या संत्र्यांची पिशवी मी तिच्यापुढे ठेवली. "मॅडम, आता तुमीच आमचे वकील. ध्यान ठेवजा."

तिनं पिशवी हळूच माझ्याकडे सरकवली. "ताई, मी तुमची वकील नाई."

"मंग आमचा वकील कोन?" मी विचारलं.

"मी सरकारी वकील. मार तुमच्या मालकांले लागला, पण कायदा सरकारचा मोडला. म्हणून हा खटला सरकार लढून राह्यलं. तुमी फक्त पाह्यलं ते जजसाहेबांले सांगजा."

तेवढ्यात पट्टेवाल्यानं पुकारा केला, "महाराष्ट्र शासन विरुद्ध..." आणि पुढं फक्त शेजाऱ्याचं नाव. आमचं नाव कुठंच नाही. तेव्हा वाईट वाटलं. आज वाटतं, किती बरं झालं! ज्याच्या धुऱ्याला धुरा लावून जन्म काढायचा, त्याच्याशी मला एकटीला लढावं लागलं नाही.

साक्ष देऊन बाहेर आले आणि कडुनिंबाखाली तीच संत्री सोलायला घेतली. जिनं माझी संत्री घेतली नाहीत, ती शेजाऱ्याचंही काही घेणार नव्हती. मी निवांत पहिली फोड तोंडात टाकली.